दुसऱ्यासाठीचं सोवळं

नांदेडजवळच्या विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय ऑक्टोबर २०२३मध्ये देशभर गाजलं. २४ तासांत २४ रुग्ण दगावले होते. त्यांत १२ नवजात बाळं होती. पाठोपाठ अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यांसमोर स्वच्छतागृह साफ करायला लावलं गेलं. त्या मृत्यूंचं निदान करण्याचा मला अधिकार नाही. पण ते दृश्य आठवलं की वाटतं, दिसणाऱ्या घाणीवर आपण संतापतो, न दिसणाऱ्या जंतूंचा विचार कधी करणार?

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू साधारण तीनपैकी एका माणसाच्या नाकात मुक्कामाला असतो. त्यावरचं मेथिसिलिन हे औषध १९५९मध्ये आलं आणि १९६१मध्ये इंग्लंडमध्ये त्याला न जुमानणारे जंतू सापडलेसुद्धा. तेच एमआरएसए. सेवा करणाऱ्यांच्या नाकात, हातांवर ते राहू शकतात. सिस्टरला ना ताप, ना खोकला. पण हात नकळत नाकाला लागतो, मग सलाइनच्या सुईला, मग काचपेटीतल्या बाळाला.

तिला दोषी म्हणायचं? मुळीच नाही. अर्धवट सोडलेल्या गोळ्या आणि चिठ्ठीवाचून घेतलेली अँटिबायोटिक्स यांतून हे जंतू आपणच पोसले आहेत. नाकातल्या जंतूंवर मलमाचे उपचारही आहेत. मात्र बोट दाखवलं जाईल या भीतीनं कोणी तपासणी टाळू लागलं, तर धोका वाढेल. १८४७मध्ये व्हिएन्नातल्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टरांनी इतर डॉक्टरांना हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले, तरी कित्येकांना त्यात अपमानच दिसला.

आपल्याकडचं सोवळं सांगायचं, ‘मला शिवू नका.’ त्यानं पिढ्यान्‌पिढ्या माणसं दूर लोटली. वॉर्डातलं सोवळं नेमकं उलटं आहे. माझ्या स्पर्शानं तुला इजा होऊ नये, एवढंच ते मागतं. त्यासाठी साबण-पाण्यानं हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. पण एकेका सिस्टरवर डझनावारी रुग्ण सोपवायचे, बेसिनवर साबण ठेवायचा नाही आणि तिच्याकडून हे व्रत मागायचं, हा अन्याय आहे. व्रत तिचं असलं, तरी त्याची सोय करणं हे शासनाचं कर्तव्य आहे.

आणि आपलं? आपल्या माणसाच्या खाटेजवळ जाण्याआधी आपणही हात धुवावेत. ‘सिस्टर, लवकर या’ अशी हाक ओठांवर येईल, तेव्हा ती बेसिनपाशी उभी असेल, तर ते एक मिनिट थांबावं. ती आपल्याच माणसासाठी थांबलेली असते.