भाईला शरीफ व्हायचे आहे!

‘शरीफ’ हा शब्द आमच्या घराघरांत रोजच्या वापरातला आहे. सोयरीक जुळवताना तर पहिला प्रश्न हाच असतो : खानदान शरीफ आहे ना? मूळ अरबी ‘शरफ’ म्हणजे मोठेपणा, सन्मान. पण वापरता वापरता हा शब्द माणसाच्या वागण्यापासून सुटला आणि त्याच्या घराण्याला जाऊन चिकटला.

नेमक्या याच शब्दावर अनीस बज्मी यांचा २००७ सालचा ‘वेलकम’ हा हिंदी चित्रपट उभा आहे. नाना पाटेकरांचा उदय शेट्टी आणि अनिल कपूरचा मजनूभाई हे दोन गुंड बहिणीसाठी शरीफ घराण्यातला मुलगा शोधत फिरतात. त्यांचा धंदा कळला की स्थळ पळून जाते. मग दमदाटी करून शराफत घरात आणायचा खटाटोप सुरू होतो. उदयला नट व्हायचे आहे, मजनूला चित्रकार. मजनूने काढलेले घोड्यावरच्या गाढवाचे चित्र आजही पोरांच्या मोबाइलवर फिरत असते.

हा चित्रपट पाहून आम्हीही पोट धरून हसलो आहोत, आणि त्यात काही वावगे आहे असे आम्हांला वाटत नाही. ज्याला सारे शहर भिते, तो एका साध्या घराच्या उंबऱ्यावर अगतिक होऊन उभा आहे. पैसा आहे, माणसे आहेत, बंदूक आहे. पण शेजाऱ्याचा न घाबरता केलेला सलाम नाही. तो धमकावून मिळत नाही. या विनोदात एवढे खरे निश्चित आहे.

पण हसू ओसरल्यावर एक प्रश्न उरतो. निवांत आयुष्य हवेसे वाटणे म्हणजेच पश्चात्ताप का? रात्री झोप लागत नाही म्हणून धंदा सोडणारा आणि आपल्यामुळे कुणाचे तरी घर बसले या जाणिवेने सोडणारा, हे दोघे एकच का? आमच्या मते नव्हेत. पहिल्याला स्वतःची दया आली आहे, दुसऱ्याला दुसऱ्याची.

‘वेलकम’मध्ये ज्यांना मार बसला, ज्यांच्याकडून खंडणी घेतली, त्यांना चेहराच नाही. म्हणून भाईला माफ करणे प्रेक्षकाला सोपे जाते. राजकुमार हिराणी यांच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’त (२००६) तसे होत नाही. मुन्नाचा साथीदार सर्किट बिल्डरसाठी म्हाताऱ्यांचे घर बळकावतो, आणि त्या म्हाताऱ्यांना आपण नावानिशी ओळखत असतो. मुन्नाला नुसते ‘मी बदललो’ म्हणून भागत नाही. ते घर परत मिळवून देण्यासाठी बिल्डरच्या दारात बसावे लागते, आणि जिच्यासाठी प्रोफेसर असल्याची थाप मारली तिला खरे सांगावे लागते. ती सोडून जाईल हे ठाऊक असून तो सांगतो. आमच्या लेखी मुन्नाची शराफत तिथे सुरू होते.

तौबेविषयी आलिमांनी हेच सांगितले आहे. गुनाह सोडणे, मनापासून शरम वाटणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे या तीन गोष्टी अल्लाह आणि बंदा यांच्यामधल्या. पण माणसाचा हक्क मारला असेल तर चौथी अट येते : तो हक्क परत करा किंवा त्या माणसाकडून माफी मिळवा. ‘हुकूकुल इबाद’ म्हणतात ते हेच. आपल्या मराठी मुलुखात वाल्या कोळ्याची गोष्ट पोरासोरांना पाठ असते. ज्या बायकामुलांसाठी तो वाटमारी करी, त्यांनी त्याच्या पापात वाटा घ्यायला साफ नकार दिला. हिशेब ज्याचा त्यालाच द्यावा लागतो, हे दोन्हीकडे सारखेच.

मात्र इथेच थांबलो तर आपण फार कठोर होऊ. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नव्व्याण्णव खून केलेल्या माणसाचा किस्सा येतो. एका संन्याशाने त्याला सांगितले, तुला तौबा नाही. त्याने त्यालाही मारले आणि शंभर पुरे केले. मग एका आलिमाने सांगितले की तुझ्या आणि तौबेच्या मध्ये कोण उभा राहणार? पण तुझा गाव सोड आणि अमुक वस्तीत जा, तिथे चांगली माणसे राहतात. तो निघाला, वाटेतच मेला, आणि त्या वस्तीला तो वीतभर जवळ होता म्हणून रहमतीत गणला गेला. त्या आलिमाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. तौबा एकट्याने करता येते, पण तौबेनंतर जगायला वस्ती लागते.

अशी वस्ती महाराष्ट्रात खरोखर उभी राहिली होती. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली ‘स्वतंत्रपूर’ नावाची खुली वसाहत सुरू झाली. तिथे कैदी भिंतीविना राहिले, शेती करू लागले. त्याच प्रयोगावरून १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. त्यात शराफत सोयरिकीतून येत नाही. ती नांगर धरलेल्या हातांत घट्ट्यांसारखी हळूहळू येते.

आता आपल्या जळकोटाकडे पाहू. शिक्षा भोगून आलेल्याला आपण भाड्याने खोली देतो का? दुकानात बसवतो का? पडद्यावरच्या भाईला तीन तासांत माफ करणारे आपण, गल्लीतल्या माणसाला तीस वर्षांतही करत नाही. आणि ज्यांनी काही केलेच नाही त्यांचे काय? मालेगावच्या २००६ सालच्या बॉम्बस्फोट प्रकरणात पकडलेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयाने २०१६ साली दोषमुक्त केले. त्यांच्याजवळ निवांत आयुष्य आधीपासूनच होते, तेच हिरावले गेले. न्यायालय दोष पुसते; शेजाऱ्याच्या नजरेतला संशय पुसणे त्याच्या हातात नसते.

आम्ही मुलांना शिकवतो. मधल्या सुट्टीत भाई-भाईचा खेळ रंगतो, कुणी उदय होतो, कुणी मजनू. एक मुलगा त्यात कधी येत नाही. त्याचा बाप तुरुंगातून परतला आहे आणि सध्या हमाली करतो. खेळणाऱ्यांना आम्ही रागावत नाही. सिनेमातल्या भाईला हसणे हा गुन्हा नव्हे. पण त्या मुलाला शेजारी बसवून घ्यायचे की नाही, हे वर्गातली मुले आपापल्या घरी ऐकून ठरवतात. त्या आलिमाने सांगितलेली चांगल्या माणसांची वस्ती कुठे आहे, हे किताबात शोधण्याआधी आपल्या ओसरीवर काय बोलले जाते तेवढे आपण ऐकावे.