एका वर्षाने काय होते?



शाळांच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की आमच्या कार्यालयात बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी ये-जा वाढते. बहुतेकांना दाखला हवा असतो, एखाद्याला मात्र तारीख हवी असते. "फादर, जन्मसाल एकाने पुढे करा. पोराचं भलं होईल. कुणाचं काय जातंय?" आम्ही नाही म्हणतो आणि ते थोडे नाराज होऊन जातात. पण त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही.

गोव्यात सप्टेंबर २०१६ मध्ये आशियातील सोळा वर्षांखालील राष्ट्रीय संघांची फुटबॉल स्पर्धा झाली. फातोर्डा आणि बांबोळीच्या मैदानांवर सोळा देश खेळले. आपल्या मुलांनी सौदी अरेबियाशी ३-३ अशी बरोबरी साधली, पण अमिराती आणि इराणने त्यांना हरवले. चषक इराकने नेला. अट अशी होती की खेळाडू १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला असावा. म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्री अकरा वाजता जन्मलेला मुलगा बाहेर आणि दोन तासांनी जन्मलेला आत! ही रेषा माणसांनी ओढलेली आहे, देवाने नव्हे. मग ती ओलांडण्यात पाप कसले, असे कुणी विचारील.

रेषा का ओढली ते आधी पाहू. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलाची उंची, वजन आणि ताकद एका वर्षात कुठल्या कुठे जाते. धाकट्याला थोरल्याच्या धक्क्यापासून आडोसा मिळावा म्हणून ती रेषा आहे.

कागदावर सगळ्यांचा विश्वास राहिला नाही, म्हणून जागतिक फुटबॉल महासंघाने २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात मुलांच्या मनगटाचे एमआरआय काढायला सुरुवात केली. मनगटाजवळच्या हाडात वाढीची एक पट्टी असते, ती वयाबरोबर भरत जाते. ती पूर्ण भरलेली दिसली की मुलगा सतराच्या पुढचा असणार, असे धरतात. निरोगी मुलांना विनाकारण क्ष-किरण देणे योग्य नाही, म्हणून एमआरआय. तरीही लबाडी थांबली नाही. २०१८ मध्ये जॉर्डनमध्ये पश्चिम आशियातील सोळा वर्षांखालील स्पर्धा होती. तिकडे निघालेल्या इराकच्या काही खेळाडूंच्या पासपोर्टवरच्या जन्मतारखा खोट्या असल्याचे विमानतळावर उघडकीस आले आणि संघाला स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. (गोव्यात जिंकलेल्या मुलांवर यावरून संशय घेणे अन्यायाचे होईल.) त्या वयाच्या पोरांनी पासपोर्ट स्वतः थोडेच बनवले असतील! ते काम मोठ्यांचे.

आणि हाडही पूर्ण साक्षीदार नव्हे. अठरा-एकोणीस वर्षांच्या एखाद्याची पट्टी अजून उघडी असते, तो सुटतो. शंभरात एखाद्या खऱ्या सोळा वर्षांच्या मुलाची पट्टी लवकर भरते आणि तो खरे बोलूनही घरी जातो. त्या मुलाला काय सांगावे, याचे समाधानकारक उत्तर आमच्यापाशी नाही. पण यंत्रातून सुटलेला मुलगा खरा ठरतो, असे मात्र नाही. तो केवळ सापडला नाही.

इथे एक भेद करायला हवा. आपल्या खेड्यापाड्यांतील कितीतरी वडीलधाऱ्यांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. ती तारीख चुकीची आहे, पण ते खोटे बोलणे नव्हे. खरी तारीख कुणालाच ठाऊक नव्हती आणि कुणाला फसवायचेही नव्हते. खोटेपणा तारखेत नसतो, जाणूनबुजून दुसऱ्याला चकवण्याच्या हेतूत असतो. संत ऑगस्टीनने खोट्याचे आठ प्रकार सांगितले. कुणाचे नुकसान न करता कुणाचे तरी भले करणारे खोटेही त्यांत आहे, आणि तेही त्याने मान्य केले नाही. हे फार कडक वाटते, आम्हालाही सेमिनरीत वाटायचे. पण जन्मसालाच्या बाबतीत इतके दूर जायची गरजच नाही, कारण नुकसान होतेच. २०१७ च्या विश्वचषकासाठी भारताच्या संघात २१ जागा होत्या. तालुक्याच्या संघातही जागा मोजक्याच. एक वर्ष चोरून कुणी आत आला की शेवटचा मुलगा बाहेर जातो. त्याला आपण ओळखत नाही, म्हणूनच "कुणाचं काय जातंय" असे सहज म्हणता येते. आणि आत गेलेल्या मुलाचे तरी काय होते? वर्गमित्रांपुढे, कोचपुढे, पुढे नोकरीच्या अर्जातही त्याला ते वर्ष सांभाळत बसावे लागते. घरच्यांनीच त्याला हे शिकवलेले असते.

बाप्तिस्म्याच्या पुस्तकात जन्मतारीख लिहिली जाते तेव्हा बाळ पुढे गोलरक्षक होणार की इंजिनिअर, हे कुणालाच ठाऊक नसते. त्या नोंदीची किंमत यातच आहे. म्हणून तिच्यात खाडाखोड होणार नाही. खरोखर चूक झाली असेल, तर रुग्णालयाचा कागद घेऊन जरूर या, आम्ही रीतसर दुरुस्तीचे पाहू.

उन्हाळी सुट्टीत कॉलनीच्या मैदानावर चौदा वर्षांखालील मुलांचे सामने घ्यायचे आहेत. सर्व धर्मांच्या मुलांना बोलवा. दाखला आणू नये. अर्जावर जन्मतारीख मात्र मुलाने स्वतःच्या हाताने लिहायची आहे, पालकांनी नाही.