चांगुलपणाचा दाखला

सकाळी आठाच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावरून मुंबईकडे निघालेल्या जलद गाडीत ज्याला दाराच्या आत चार बोटे जागा मिळाली, तो गृहस्थ राज्यशास्त्राच्या कोणत्याही अध्यापकापेक्षा अधिक निःशंकपणे बोलू शकतो, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. गाडी दिवा स्थानकाच्या आसपास कारण न सांगता उभी राहते, पंखा बंद पडतो, कोणाच्या तरी डब्याचा कोपरा कोणाच्या तरी बरगडीत रुततो, आणि मग मी शाळकरी वयापासून ऐकत आलेला तो निवाडा आतून ऐकू येतो : "या देशाला एक चांगला हुकूमशहा पाहिजे." एरवी पंख्याच्या दिशेवरून हमरीतुमरीवर येणारा तो डबा या एका मुद्द्यावर मात्र एकमताने माना डोलावतो. त्या माना डोलावणाऱ्यांत एके काळी मीही होतो, हे कबूल केले पाहिजे.

या वाक्यातली जोखीम 'हुकूमशहा' या शब्दात नाही. हुकूम आणि शहा हे दोन्ही फार्सी अमदानीतून आपल्या दप्तरात आले, आणि त्यांची जोडी काय करते हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अडचण आहे ती 'चांगला' या निरुपद्रवी दिसणाऱ्या विशेषणात. एकट्याच्या हुकमतीखाली रस्ते रुंद होतात, कचेऱ्या वेळेवर उघडतात, क्वचित गरिबाच्या पदरात त्याचा हक्कही पडतो, हे नाकारण्यात काही पुरुषार्थ नाही. इतिहासात अशी उदाहरणे आहेत आणि पुढेही होतील. माझा प्रश्न निराळा आणि थोडा कारकुनी आहे : हा चांगुलपणाचा दाखला लिहून द्यायचा कोणी? कोणत्याही दाखल्याला देणारा आणि घेणारा असे दोन इसम लागतात, आणि देणाऱ्याला तो नाकारण्याचीही मुभा असावी लागते. ज्या दिवशी ती मुभा संपते त्या दिवसापासून पुढचे सारे दाखले, मजकूर खरा असला तरीही, कागद म्हणून रद्द होतात.

ठाणेकरांच्या बोलण्यात या संदर्भात हटकून येणारे नाव टी. चंद्रशेखर यांचे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ठाणे महानगरपालिकेचे आयुक्त असताना त्यांनी रस्त्यात आलेली बांधकामे पाडून गावाचे रस्ते रुंद केले, आणि ज्यांनी पूर्वीची ती अरुंद वाट पाहिली आहे ते आजही त्यांची आठवण आदराने काढतात. मात्र ज्याला लोक 'तसा माणूस' म्हणतात तो माणूस हुकूमशहा नव्हता, ही गोष्ट आठवण काढताना गळून पडते. महानगरपालिकांच्या १९४९ च्या अधिनियमान्वये एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांश जणांनी ठराव केला, तर शासनाला आयुक्त परत बोलवावा लागतो. खर्चाचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे न्यावा लागतो. आणि ज्याचे दुकान पडले त्याला न्यायालयाचा दरवाजा मोकळा असतो. सभागृहात त्यांना शिव्या देण्याची सोय होती, म्हणूनच बाहेर झालेल्या स्तुतीला काही किंमत आली.

याच्या उलट प्रयोग पाहावयास खाडी ओलांडून लांब जावे लागत नाही. कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली, आणि तिची पहिली निवडणूक झाली १९९५ साली. मधली सुमारे बारा वर्षे, म्हणजे एक संपूर्ण तप, नगर चालवले ते प्रशासकांनी. पुढे २०२० च्या नोव्हेंबरात निवडून आलेल्या सभागृहाची मुदत सरली, आणि तेव्हापासून जानेवारी २०२६ पर्यंत पुन्हा प्रशासक; ठाण्यातही २०२२ च्या मार्चपासून तीच अवस्था. हे अधिकारी जुलमी होते असे कोणी म्हणणार नाही, आणि त्यांतले काही निश्चितच कार्यतत्पर व सचोटीचे असतील. पण प्रशासकाच्या दप्तराची रचना एकदा न्याहाळण्यासारखी आहे. आयुक्त या नात्याने जो प्रस्ताव एक अधिकारी मांडतो, तोच प्रस्ताव महासभेचे व स्थायी समितीचे अधिकार चालवणारा प्रशासक या नात्याने तोच अधिकारी मंजूर करतो. सूचक तो, अनुमोदक तो, 'सर्वानुमते संमत' यातील सर्वही तोच. खालच्या सहीचा मनुष्य वरच्या सहीच्या मनुष्याला एकही अडचणीचा प्रश्न विचारीत नाही, कारण दोघांचे हस्ताक्षर एकच असते. त्या वर्षांत एखादा निर्णय उत्तम झाला असेल, तर तो उत्तम होता हे ज्या ठिकाणी सिद्ध व्हायचे ते ठिकाणच कुलूपबंद होते.

कोणी म्हणेल, आणि गाडीत हमखास म्हणतात, की कुलूप उघडे असताना तरी त्या सभागृहात काय दिवे लागले? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. आमच्याकडच्या अनधिकृत इमारती प्रशासकाच्या काळात उभ्या राहिल्या तशाच नगरसेवकांच्या डोळ्यांदेखतही उभ्या राहिल्या, आणि पावसाळ्यातील खड्ड्यांनी कोणत्याही राजवटीत पक्षपात केलेला नाही. लोकनियुक्त सभागृह चांगले असते असे माझे म्हणणेच नाही. ते वाईट असते तेव्हा वाईट आहे हे आपल्याला कळते, ज्याला आपण शिव्या देतो त्याचे घर कोणत्या आळीत आहे हेही ठाऊक असते, एवढेच मला म्हणायचे आहे.

'आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत' ही स्मृती तर उपनगरी प्रवाशांच्या तीन पिढ्यांनी वारसाहक्काने जपली आहे. धावत असतीलही. परंतु २५ जून १९७५ नंतर वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, तेव्हा सरकारविरोधी मजकूर छापणे दुरापास्त झाले, आणि उशीर झाल्याचे गाऱ्हाणे मोठ्याने सांगावे की नाही याचाही मनुष्य विचार करू लागला. अशा काळाने स्वतःविषयी दिलेली साक्ष किती धरायची? 'अनुशासन पर्व' हे शब्द त्या दिवसांत सरकारने भिंतोभिंती रंगवले, कारण ते मौनात असलेल्या विनोबांकडून आले होते. मौन सुटल्यावर विनोबांनी त्यांचा अर्थ सांगितला : सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन, अनुशासन असते ते आचार्यांचे. १९७६ च्या जानेवारीत त्यांनी पवनारला आचार्यांचे संमेलनही भरवले. भिंतीवरचा रंग मात्र आधीच वाळला होता, आणि एका ऋषितुल्य माणसाचा शब्द त्याच्याच खुलाशावाचून दाखला म्हणून वापरला गेला होता.

त्याच वर्षी २८ एप्रिलला, स्थानबद्धांना आपल्या अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी दिला. विरुद्ध गेले ते एकटे न्यायमूर्ती खन्ना. बहुमतातील न्यायमूर्ती बेग यांनी मात्र स्थानबद्धांच्या निवासाची व भोजनाची सरकार जी काळजी वाहते ती जवळजवळ मातेसारखी आहे, असा निर्वाळा दिला. 'मायबाप सरकार' हा आपल्याकडचा अर्जाचा जुना मायना इतक्या वरच्या पायरीवरून क्वचितच उच्चारला गेला असेल. ज्यांच्या जेवणाची ती तारीफ होती त्यांना बोलण्याची मनाई होती, ही त्या वात्सल्याची पूर्वअट होती. मुभा परत मिळताच, १९७७ च्या मार्चमध्ये, ठाणे मतदारसंघाने आणीबाणीत तुरुंगवास भोगून आलेल्या रामभाऊ म्हाळगींना लोकसभेवर धाडले. गाड्या वेळेवर धावल्याच्या आठवणीने त्या मतपेटीवर फारसा परिणाम केलेला दिसला नाही.

आता ज्या नावावाचून ठाण्यातला हा विषय पुरा होत नाही, त्याकडे यावयास हवे. आनंद दिघे यांनी कधी निवडणूक लढवली नाही. शिवसेनेचे जिल्हाप्रमुख एवढेच त्यांचे पद, आणि टेंभी नाक्यावरचा आश्रम हीच त्यांची कचेरी. तेथे रात्री उशिरापर्यंत रांग लागे : नळजोडणी न मिळालेला, मुलाला शाळेत प्रवेश न मिळालेला, नवऱ्याने टाकलेली, भावाने फसवलेला. ज्या रयतेला मामलेदार कचेरीत टेबलामागून टेबल फिरावे लागे, तिची फिर्याद येथे एका बैठकीत ऐकली जाई आणि निकालाची अंमलबजावणी दुसऱ्या दिवशी होई. त्या रांगेतल्या माणसांची कृतज्ञता मी खोटी मानीत नाही. ज्याने ती रांग निर्माण केली त्या सरकारी दप्तराने तरी तिला नाव ठेवू नये. पण निकाल ज्याच्या विरुद्ध गेला त्याने अपील कोठे करावयाचे, हे त्या रांगेत कोणी विचारीत नसे. १९८९ साली महापौरपदाच्या निवडणुकीत शिवसेनेचा उमेदवार पडला, पक्षाची मते फुटल्याचा संशय आला, आणि पुढे श्रीधर खोपकर या नगरसेवकाची हत्या झाली. दिघे यांना टाडाखाली अटक झाली, ते जामिनावर सुटले, आणि तो आरोप न्यायालयात सिद्ध झाला नाही. म्हणून हत्येविषयी मी काही बोलणार नाही. मला खुपते ते एवढेच की, निराळे मत देण्याला 'गद्दारी' हा लष्करी शब्द लावला गेला तेव्हा गावाला तो शब्द खटकला नाही. ज्या गावाला दरबारातून न्याय मिळत होता त्याला दरबाराची भाषाही आपलीशी वाटू लागली होती. २६ ऑगस्ट २००१ रोजी दिघे यांचे निधन झाले, आणि ज्या रुग्णालयात ते झाले ते शोकाकुल जमावाने पेटवले. आत इतर रुग्णही होते.

कल्याणच्या मुलाला शिवाजी महाराजांची जी गोष्ट सर्वांत आधी ऐकायला मिळते ती कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची. १६५७ साली कल्याण स्वराज्यात आले. समकालीन कागदपत्रांत या गोष्टीला आधार सापडत नाही, तरी दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी ती कोणालाही तोंडपाठ असते. सरदार तिला नजराणा म्हणून उभी करतो, महाराज तिला मातेसमान लेखून साडीचोळीनिशी सन्मानाने परत पाठवतात, आणि दरबार धन्य होतो. सत्ता असूनही ती न वापरणारा राजा लोकांनी कथेत घडवला, त्यावरून त्या राजाची लोकमानसातली उंचीही कळते आणि इतर राजांविषयी लोकांचा अनुभव काय होता तेही कळते. परवा घरी एका लहान मुलीला ही गोष्ट सांगताना तिने मध्येच विचारले की ती सून तेव्हा काय म्हणाली. मी आठवून पाहिले. सरदार बोलतो, राजा बोलतो, दरबारी बोलतात. तिच्या तोंडी मात्र, मला ठाऊक असलेल्या कोणत्याही पाठात, एकही वाक्य नाही, आणि तिचे नाव काय होते तेही मला सांगता आले नाही.