पंचेचाळीसची रेघ

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात माणसांच्या हातापायांतली ताकद एकाएकी जाऊ लागली आणि ‘जीबीएस’ (गियाँ-बारे सिंड्रोम) हे नाव इकडे ऐरोलीच्या भाजीबाजारातही ऐकू येऊ लागलं. पिण्याच्या पाण्याच्या भीतीइतकीच दुसरी भीती होती ती तपासणीसाठी पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याची. त्या पाण्यात डॉक्टर काय पाहतात, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. प्रथिनं वाढलेली, पण पेशी वाढलेल्या नाहीत, ही या आजाराची खूण १९१६ साली गियाँ, बारे आणि स्ट्रोल यांनी दोन फ्रेंच सैनिकांत टिपली होती.

वाढलेली, पण कशापेक्षा?

क्विंके या जर्मन डॉक्टरानं १८९१मध्ये कंबरेच्या मणक्यांतून सुई घालून हे पाणी काढण्याची रीत रूढ केली. पुढे पाठ्यपुस्तकांत दर डेसिलिटरला ४५ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा ठरून गेली, आणि पंचविशीतल्या मुलीला व पंचाहत्तरीच्या आजोबांना तीच लागू झाली. ती इतकी टिकली याचं एक कारण उघड आहे. निरोगी माणूस रक्त तपासायला सहज देतो. नुसत्या आकड्यासाठी पाठीत सुई कोण टोचून घेईल? त्यामुळे ‘निरोगी’ म्हणून मोजले गेले ते बहुधा आजाराच्या संशयानं आलेले आणि तपासणीत काही न सापडलेले लोक.

शेजारच्या इमारतीतल्या सत्तरी ओलांडलेल्या एका काकांचा रिपोर्ट मी पाहिला. प्रोटीन ५४, समोर ठळक ‘हाय’, मर्यादा १५ ते ४५. वय आणि लिंग त्याच कागदाच्या माथ्यावर छापलेलं होतं. त्याच फाइलमधल्या रक्ताच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनसाठी पुरुष आणि स्त्रिया यांच्या मर्यादा वेगळ्या दिल्या होत्या. पाठीतल्या पाण्याला ही सवलत का नसावी?

खरं तर वयाचा परिणाम फार पूर्वी लक्षात आला होता. नवजात बाळात ही प्रथिनं शंभरच्या वरही असतात, काही महिन्यांत झपाट्यानं उतरतात आणि मोठेपणी पुन्हा हळूहळू चढतात. ती का चढतात, याची उकल जर्मनीतल्या हान्सोट्टो रायबर यांनी १९९४मध्ये मांडली, आणि मला ती फार देखणी वाटते. या पाण्यातली बहुतेक प्रथिनं रक्तातून झिरपून येतात. वयाबरोबर पाण्याचा प्रवाह संथ होतो, झिरपायला जास्त वेळ मिळतो, आणि प्रमाण वाढतं. म्हणजे दर वेळी रक्त आणि हे पाणी यांच्यामधली भिंत फुटलेली असते असं नाही. पाण्यातल्या आणि रक्तातल्या अल्ब्युमिनच्या गुणोत्तराची वरची मर्यादा काढायला त्यांनी साधा हिशोब दिला: चार अधिक वयाचा पंधरावा भाग, दर हजारी. तिशीत सहा, साठीत आठ.

२०१७मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी रुग्णालयांत साठलेले हजारो जुने निकाल वयानुसार लावून पाहिले. पन्नाशीनंतर एकूण प्रथिनांची वरची मर्यादा साठच्या आसपास निघाली, आणि पुरुषांचे आकडे स्त्रियांपेक्षा वरचे. हा स्त्री-पुरुष फरक इतरत्रही दिसला आहे. त्याच्या कारणावर मात्र अजून एकमत नाही.

काकांचे ५४ त्यांच्या वयाला साजेसे आहेत. तिशीतल्या बाईचे ५४ असते तर डॉक्टरांनी अधिक शोध घ्यायला हवा होता. एकच रेघ ओढली की एकाला नसलेल्या आजाराची औषधं सुरू होण्याचा धोका असतो, आणि ती रेघ सरसकट वर सरकवली तर दुसरीचा खरा आजार नजरेतून सुटण्याचा. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतही जुने निकाल साठलेले आहेत. ते वय आणि लिंगानुसार मांडून पाहायला नवी सुई कुणालाच टोचावी लागणार नाही.