मलामत

आमच्या अकोल्याच्या उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंनी एकदा विचारले, "सर, मुलं 'मलामत' म्हणतात, ते काय असतं?" मी चटकन म्हणालो, "कडक शब्दांत हजेरी घेणे." आणि मीच थबकलो. हजेरीही मूळची अरबी, 'हाजिर'वरून आलेली. उर्दूत 'हाजिरी' म्हणजे उपस्थिती. खरडपट्टीचा अर्थ तिला मराठीने दिला. १४९० च्या इमादशाहीपासून १८५३ पर्यंतच्या निजामी अमलात वऱ्हाडच्या दफ्तरांत फारसीचा वावर होता. असे कितीतरी शब्द तिथूनच गावोगाव गेले. मलामत मात्र आमच्या घरातच राहिली. अमरावतीला दादी 'लानत-मलामत' असे जोडीनेच म्हणायची.

या जोडीनेच घोटाळा केला आहे. दोन्ही शब्द अरबी, पण धातू वेगळे. लानत म्हणजे रहमतीपासून दूर लोटणे. ती माणसावर पडते. मलामत म्हणजे केलेल्या कृत्याबद्दल दोष देणे. तिच्याच धातूपासून 'लव्वामा' हा शब्द होतो. सूरह कियामहच्या दुसऱ्या आयतीत ज्या नफ्स-ए-लव्वामाची शपथ आहे, ते स्वतःलाच बोल लावणारे मन. नवव्या शतकात निशापूरला मलामतिया नावाचे सूफी होऊन गेले. हमदून कस्सार (मृत्यू ८८४) हे त्यांतले प्रमुख. आपली नेकी झाकायची आणि दोष स्वतःकडे घ्यायचा, ही त्यांची रीत. पुढे काहींनी बदनामीही मिरवली, तो भाग वेगळा.

म्हणजे मलामतीची पहिली जागा आपल्या आत आहे. आपण शिक्षक, मौलवी, आईबाप ती सरळ दुसऱ्याच्या अंगावर टाकतो, आणि टाकता टाकता तिची लानत कधी होते ते कळत नाही.

नववीतल्या एका मुलाची वही तिसऱ्यांदा कोरी निघाली. भर वर्गात मी त्याला बोललो. दोन वाक्ये वहीबद्दल होती; पुढची त्याच्या घराबद्दल, वडिलांच्या हातगाडीबद्दल. ती मलामत होती, असेच मी बरेच दिवस समजत होतो. मुलगा शाळेत येईनासा झाला. आठ दिवसांनी वडील त्याला घेऊन आले आणि हात जोडून म्हणाले, "सर, माफ करा, पुन्हा असं करणार नाही." माफी खरे तर मी मागायची होती. मी फक्त म्हणालो, "ठीक आहे, बस जागेवर," आणि हजेरीचे रजिस्टर उघडले.