हसे कोणाचे होते?

ऱ्हस्व आणि दीर्घ यांची गल्लत मराठीत हमखास हशा पिकवते. ‘कामगार दिन’ लिहिताना पहिल्या वेलांटीऐवजी दुसरी पडली, की दिवसाच्या जागी दैन्य येते आणि फळ्यासमोर उभ्या असलेल्या मुलाचे हसे होते. या चुकीला मात्र सबळ कारण आहे. ‘तीळ’, ‘पीठ’ अशा अस्सल मराठी शब्दांत शेवटच्या अकारान्त अक्षराआधीची वेलांटी दीर्घ असते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम, शब्द या नियमातून सुटतात, आणि बोलताना तर ‘दिन’ व ‘दीन’ बहुतेकांच्या तोंडून सारखेच निघतात. ‘वसतिगृह’ऐवजी ‘वसतीगृह’ लिहिणारा विद्यार्थीही शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ काढण्याचा नियम पाळतच असतो. समासातील पहिले तत्सम पद मुळाप्रमाणे ऱ्हस्व राहते, एवढे त्याच्यापर्यंत पोहोचलेले नसते.

जालना जिल्ह्यात या हशाला आणखी बोचरा पदर आहे. गावाकडच्या बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘कोण’चे ‘कोन’ होते, व शहरात शिकायला गेलेल्या मुलाची पारख अनेकदा या एका अक्षरावरून केली जाते. हा भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील राज्यकारभार उर्दूत चाले, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक 14 नियम 1962 साली शासनाने स्वीकारले व 1972 साली त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली, त्यामुळे येथील कित्येक घरांत प्रमाण मराठी लिहिणारी पहिली पिढी फार जुनी नाही. बोलीतला ‘न’ हा त्या माणसांचा स्वतःचा उच्चार आहे, ती चूक नव्हे, आणि त्याला हसणे हा उघड अन्याय आहे.

लेखनाची शिस्त सैल करावी, असा याचा अर्थ नाही. याच जिल्ह्यातील जांब येथे 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’त लेखनक्रियेला एक स्वतंत्र समास, म्हणजे प्रकरण, दिले आणि अक्षराच्या वळणापासून शाई-लेखणीपर्यंत सारी काळजी शिकवली. शिकवण्यात आणि हसण्यात मोठे अंतर आहे, शिवाय हशाची वाटणीही सारखी होत नाही. ‘परोक्ष’ म्हणजे नजरेआड आणि ‘अपरोक्ष’ म्हणजे प्रत्यक्ष. तरीही ‘त्यांच्या अपरोक्ष निर्णय झाला’ असे वाक्य सुशिक्षितांच्या भाषणांत व पत्रांत सर्रास येते, आणि त्याचा अर्थ ‘त्यांच्यासमक्ष निर्णय झाला’ असा नेमका उलटा होत असूनही सभेत कोणी हसत नाही.