तसबीर बदलली, मागणे बदलले का?



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आपण दीक्षा घेताना म्हणतो. काय सोडायचे ते त्यांत नावानिशी सांगितले आहे. ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी, गणपती, श्राद्धपक्ष, पिंडदान. परंतु आपल्यात काही कुटुंबे अशी आहेत की ज्यांच्या घरातून गौरी-गणपती दोन-तीन पिढ्यांपूर्वीच गेले होते. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. देव्हाऱ्याच्या जागी पवित्र शास्त्र होते, दसऱ्याच्या जागी नाताळ होता. अशा घरातल्या माणसाने प्रतिज्ञा म्हणताना नेमका कशाचा त्याग केला? येशूचे नाव तर त्यांत कोठेच नाही. मग आईच्या मांडीवर शिकलेल्या प्रार्थनेचे काय करायचे? अशा घरातून आलेल्या तुमच्यासाठी आजचा हा विचार आहे. पण तो सर्वांच्याच उपयोगी पडेल.

हा प्रश्न आपल्या मराठवाड्याला परका नाही. निजामी राजवटीत जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी बेथेल हे गाव वसवले. ते स्वतः १८४३ साली ख्रिस्ती झालेले मराठी ब्राह्मण. पण बेथेलला आले ते बहुतेक महार आणि मांग. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, रतनजी नौरोजी या पारशी धर्मांतरिताने मिशनचे काम केले, तेही आसपासच्या महारवाड्यांत आणि मांगवाड्यांत. हे लोक ख्रिस्ती का झाले? ज्याची सावली गाव टाळत होते, त्याच्या डोक्यावर पाळकाने हात ठेवला. त्याच्या मुलाला पाटी मिळाली, त्याच्या आजारी बायकोला औषध मिळाले. हे ऋण नाकारू नका. आपण बौद्ध झालो म्हणून आजोबा मूर्ख ठरत नाहीत. त्यांना जे दार उघडे दिसले, त्यातून ते बाहेर पडले.

बाबासाहेबांनीही हा विचार वरवर केला नव्हता. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना त्यांनी सांगितले की, आपल्या मनाची पकड घेणारी व्यक्तिमत्त्वे दोनच, बुद्ध आणि ख्रिस्त. त्याच भाषणात दक्षिणेकडील चर्चमधील जातिभेदावरही त्यांनी बोट ठेवले. मिशनांनी शिक्षण आणि आरोग्य यांसाठी केलेले काम त्यांनी मान्य केले. पण धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवरील त्यांच्या लेखनात एक खोल प्रश्न आहे. (हे लेखन त्यांच्या पश्चात, १९८९ साली प्रसिद्ध झाले.) माणसाच्या दुःखाचे मूळ त्याच्या पापात आहे असे एकदा शिकवले, की तो गावाच्या अन्यायाविरुद्ध उभा कसा राहणार? तो गुडघे टेकील, पण पाणवठ्यावर जाणार नाही. सर्वच ख्रिस्ती असे वागले असे कोणी म्हणू नये. येशूला गरिबांचा कैवारी मानून लढणारेही झाले आणि आहेत. तरीही तुम्हाला जे शिकवले गेले त्याला हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता आपली शिकवण पुढ्यात घेऊन बसा आणि तिचा एकेक धागा तपासा.

पहिला धागा सेवेचा. वाटेत घायाळ पडलेल्या परक्या माणसाला उचलणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट तुम्ही शब्बाथ शाळेत ऐकली असेल. हगवणीने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले आणि संघाला बजावले की, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने रोग्याची सेवा करावी. हे दोन्ही बोध एकाच दिशेने नेतात. आजीने शिकवलेली ही सवय टाकू नका. ती धम्मात आणा.

दुसरा धागा पापक्षमेचा. तुम्हाला सांगितले गेले की, तुमचे पाप दुसऱ्याने आपल्यावर घेतले. यात मोठा दिलासा आहे हे मान्य करू. पण अंगुलिमालाचे काय झाले ते पाहा. खुनी माणूस भिक्खू झाला, मनाने पूर्ण बदलला. तरी भिक्षेला गेल्यावर लोकांचे दगड त्याला लागले, डोके फुटून तो रक्तबंबाळ परतला. तथागतांनी त्याला जवळ केले, पण दगड चुकवले नाहीत. सहन कर, असे सांगितले. धम्मात माणूस बदलू शकतो, परंतु त्याच्या कृत्याचा हिशेब दुसरा कोणी फेडत नाही. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याने देवाची क्षमा मागितली, तर बायकोच्या वाट्याला काय आले? तिची क्षमा तिच्याकडेच मागावी लागेल आणि बाटली स्वतःच्याच हाताने टाकावी लागेल.

तिसरा धागा प्रार्थनेचा. तो सर्वांत अवघड, कारण तो बुद्धीत नसून जिभेवर आणि हातांत असतो. संकट आले की हात आपोआप जोडले जातात. त्याची लाज बाळगू नका. पण कोणाकडे आणि काय मागतो आहोत, ते त्या वेळी पाहा. परीक्षेतले यश, नोकरी, मुलगा असे मागणे असेल, तर येशूच्या तसबिरीच्या जागी बुद्धाची तसबीर लावून काय बदलले? भिंत बदलली, माणूस तोच राहिला. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, ही बाबासाहेबांची शिकवण विसरून आपण विहारात नवस बोलू लागलो, तर ख्रिस्ती आजोबांना हसण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. दुःखाचे खापर मागच्या जन्मावर फोडणाऱ्या बौद्धालाही तोच प्रश्न विचारावा लागेल, जो बाबासाहेबांनी मूळ पापाच्या शिकवणुकीला विचारला. ज्या कसोटीवर आपण चर्च घासतो, तिच्यावर विहारही घासले पाहिजे.

अशी तपासणी म्हणजे अश्रद्धा नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच त्या आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्रैक्याच्या मतावरून पत्रांतून वाद घालत होत्या. भारतातील पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता तसलेच दुसरे जू घेणार नाही, असा त्यांचा बाणा होता. रमाबाई १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ख्रिस्तीच राहिल्या. त्यांचे उत्तर आपले नाही, पण त्यांचा बाणा आपला आहे.

नातलगांशी कसे वागावे? ते तुम्हाला टोचून विचारतील, ‘सवलतीसाठी बौद्ध झालात ना?’ या टोमण्यामागे खरी वेदना आहे. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीची सवलत फक्त हिंदूंना दिली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला दलित बाहेरच राहिला. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी २०२२ साली केंद्र सरकारला आयोग नेमावा लागला. तेव्हा त्यांच्यावर रागावू नका. गावाने त्यांनाही कधी वेगळे मानले नाही. टोमण्याला दाखला दाखवून उत्तर देता येत नाही. तुमच्या घरातला व्यवहार पाहून ते त्यांना मिळाले पाहिजे.

नालंदेचा उपाली गृहपती निगंठांचा मोठा उपासक होता. तो वाद जिंकायला आला आणि तथागतांना शरण जाऊ लागला. तेव्हा तथागत म्हणाले, गृहपती, नीट विचार कर. त्यावर उपालीची श्रद्धा अधिकच दृढ झाली. मग तथागतांनी सांगितले की, तुझे घर फार काळ निगंठांचा आधार आहे, ते दारी आले तर त्यांना अन्न देणे थांबवू नकोस. नवा अनुयायी मिळाल्याच्या आनंदात ज्याने जुन्या गुरूंचे ताट काढून घेऊ दिले नाही, त्याचे आपण अनुयायी आहोत. म्हणून आजारी आजीने पाळकाला बोलवा म्हटले, तर बोलवा. त्याला पाट द्या, चहा द्या. तिच्या उशाशी वाद घालू नका. मात्र तुम्हाला ‘आमेन’ म्हणा असा आग्रह झाला, तर नम्रपणे गप्प बसा. प्रेमासाठी सेवा करावी, खोटे बोलू नये. चौथे शील घरातल्या माणसांशीही पाळायचे असते.

आणि मुले? त्यांना तुम्ही काय सोडले त्याची यादी देऊ नका. का सोडले आणि काय जपले ते सांगा. त्यांनी तुम्हालाच उलट प्रश्न विचारले, तर गप्प करू नका. बाबासाहेबांनी आपल्या या शहरात १९५० साली महाविद्यालय काढले. त्याला नाव मिळाले मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनाचे. मिलिंद राजा होता, नागसेन भिक्खू होता. राजाने शंका विचारल्या आणि भिक्खूने त्याला उत्तरे दिली, शाप दिला नाही. तुमच्या मुलीने उद्या विचारले की, ‘बाबा, बुद्धावर तरी विश्वास का ठेवायचा?’ तर आनंद माना, आणि तिच्याबरोबर उत्तर शोधायला बसा.

भवतु सब्ब मंगलं.